एका वाचनात एकच काम : प्रसिद्धीआधी मजकूर कसा तपासावा

अर्थ वाचणारा डोळा अक्षरे वाचत नाही. समोर ‘महत्व’ असले तरी तो ‘महत्त्व’ असेच वाचून पुढे जातो, कारण शब्द ओळखीचा असतो आणि मन पुढच्या वाक्यावर पोहोचलेले असते. म्हणूनच ‘एकदा नजर टाका’ एवढ्या सूचनेवर सोपवलेल्या मजकुरात चुका राहतात. वाचणारा निष्काळजी असतो असे नाही. मुद्दे, वाक्ये, आकडे, वेलांट्या आणि पानक्रमांक ही सगळी कामे त्याच्याकडून एकाच फेरीत मागितलेली असतात.

ही कामे सुटी करा. प्रत्येक वाचनात एकाच प्रकारची चूक शोधा आणि क्रम मोठ्याकडून लहानाकडे ठेवा: आधी मुद्दे, मग वाक्ये, मग तपशील, मग अक्षरे, शेवटी मांडलेली पाने. उलट दिशेने गेलात तर ज्या परिच्छेदाच्या वेलांट्या अर्धा तास तपासल्या, तोच परिच्छेद नंतर गाळावा लागतो.

तयारी

मजकूर स्वतःचाच असेल तर लिहिणे आणि तपासणे यांच्यात निदान एक रात्र जाऊ द्या. तेवढी सवड नसेल तर मजकुराचे रूप बदला. फॉन्ट वेगळा घ्या, अक्षर १४ पॉइंटांचे करा, ओळींतले अंतर दुप्पट ठेवा आणि शक्य असेल तर कागदावर छापून घ्या. दोन्ही बाजूंना तीन-चार सेंटिमीटरांचा समास हवा, कारण खुणा तिथेच करायच्या असतात.

मूळ फाइलला हात लावू नका. तिची प्रत करून प्रतीवर काम करा आणि फाइलच्या नावात तारीख व फेरीचा क्रमांक घाला. ‘फायनल’, ‘फायनल नवी’ अशा नावांमुळे दोन माणसे दोन वेगळ्या प्रतींवर काम करत बसतात आणि एकाच्या दुरुस्त्या वाया जातात. संगणकावर दुरुस्ती करत असाल तर ट्रॅक चेंजेस (प्रत्येक बदल नोंदवून दाखवणारी सोय) पहिल्या शब्दापासून चालू ठेवा. काय बदलले हे लेखकाला दिसलेच पाहिजे.

यानंतर एक कोरा कागद घ्या. ही तुमची लेखनसूची. जिथे दोन रूपे चालू शकतात, तिथे निवडलेले रूप या कागदावर लिहायचे: आकडे देवनागरी (१, २, ३) की इंग्रजी (1, 2, 3), ‘टक्के’ अक्षरात की चिन्हाने, निवेदनात ‘केले’ की ‘केलं’, ‘संकेतस्थळ’ की ‘वेबसाइट’, व्यक्तींच्या नावांची नेमकी अक्षरे, संक्षेपांत टिंब द्यायचे की नाही. शुद्धलेखनासाठी पाया तयार आहेच. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली, आणि आज प्रमाण मानले जातात ते हेच १८ नियम. सूचीत लिहायचे ते नियमांनी मोकळे सोडलेले. लहानशा लेखाला अर्धे पान पुरते. पुस्तकाची सूची सहज दहा पानांवर जाते आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत तिचा उपयोग होत राहतो.

पहिले वाचन : मुद्दे

या फेरीत एकही वेलांटी दुरुस्त करायची नाही. प्रत्येक परिच्छेद काय सांगतो ते चार-पाच शब्दांत समासात लिहा, आणि मग मजकूर बाजूला ठेवून फक्त ती टिपणे वाचा. एकच टिपण दोनदा आले की पुनरुक्ती सापडली. दोन टिपणांमध्ये उडी जाणवली तर मधला दुवा राहिला आहे. ज्या परिच्छेदाला टिपणच सुचत नाही, तो बहुधा गाळण्याजोगा असतो.

काही दोष इतके नेहमीचे आहेत की ते मुद्दाम शोधावेत. खरी सुरुवात तिसऱ्या परिच्छेदात असते आणि पहिले दोन नुसते घसा साफ करतात. ‘याची तीन कारणे आहेत’ म्हणून दोनच दिलेली असतात. एखादी संज्ञा आधी वापरून नंतर समजावलेली असते. मथळ्यात दिलेले वचन मजकुरात पाळलेले नसते.

दुसरे वाचन : वाक्ये

मोठ्याने वाचा. पुटपुटणे नव्हे, शेजारच्या माणसाला ऐकू जाईल असे. जिथे श्वास संपतो, जिथे जीभ अडते किंवा वाक्य पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागते, तिथे समासात रेघ मारा आणि पुढे जा. दुरुस्ती नंतर. ‘असून’, ‘तसेच’, ‘तर’ यांनी गुंफलेली लांब वाक्ये या परीक्षेत लगेच उघडी पडतात. त्यांतल्या बहुतेकांना पूर्णविराम हवा असतो.

मराठीत संपादकाच्या हातूनच होणारी एक चूक आहे आणि ती फार त्रास देते. एक नाम बदलले की त्याच्याबरोबर विशेषण, क्रियापद आणि पुढच्या वाक्यातले सर्वनामही बदलावे लागते. ‘नवा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच्या शंभर प्रती काढल्या’ या वाक्यांत ‘अहवाल’ खोडून ‘पुस्तिका’ घातले, तर ‘नवी पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिच्या शंभर प्रती काढल्या’ इथपर्यंत जावे लागते. चार शब्दांतला एकच विसरला तरी चूक छापली जाते, आणि ती लेखकाने केलेली नसते. म्हणून नाम बदलल्यावर पुढची दोन वाक्ये सक्तीने वाचा.

‘च’, ‘ही’ आणि ‘फक्त’ कुठे बसले आहेत ते पाहा. ‘समितीनेच शिफारस केली’ आणि ‘समितीने शिफारसच केली’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत. ‘त्यांनी’, ‘त्याचे’, ‘हे’ दिसले की मागे बोट ठेवा: कोणी, कशाचे, काय? दोन उत्तरे निघत असतील तर सर्वनाम काढून नाम लिहा. पुन्हा येणारे नाम थोडे खटकेल, पण संदिग्धतेपेक्षा बरे. ‘करण्यात आले’ हा प्रयोग कर्ता लपवतो. कर्ता माहीत असेल तर ‘केले’ म्हणा. माहीत नसेल तर लेखकाला विचारा, कारण वाचकालाही तेच विचारायचे असते.

तिसरे वाचन : तपशील

पेन्सिल घेऊन प्रत्येक नाव, तारीख, आकडा, स्थळ, अवतरण आणि दुवा यांच्याखाली रेघ ओढा. मग एकेक घेऊन मूळ आधाराशी ताडून पाहा आणि जुळला की बरोबरची खूण करा. आठवणीवर विसंबून खूण करू नका. आकडा ताडताना एकेक अंक उच्चारा. ‘एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर’ म्हणताना डोळा १९८७ वरून सरळ निघून जातो. ‘एक, नऊ, आठ, सात’ म्हटले की अडतो.

तारखेबरोबर वार दिला असेल तर कॅलेंडर उघडा. तक्त्यातली बेरीज स्वतः करा. टक्क्यांची बेरीज शंभराच्या आसपास येते का पाहा, आणि ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलेल्या गोष्टीला ‘दहा टक्के वाढ’ म्हटले असेल तर थांबा. फरक दहाचा आहे, वाढ मात्र २५ टक्क्यांची आहे. इंग्रजीतून आलेल्या आकड्यांत १ मिलियन म्हणजे १० लाख आणि १ बिलियन म्हणजे १०० कोटी. ‘५ मिलियन’चे ‘५ कोटी’ झालेले वारंवार सापडते. अवतरण मुळातल्या अक्षरांबरहुकूम हवे. मूळ मजकूर जुना असेल आणि त्यात ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार असतील तर ते तसेच ठेवा.

चौथे वाचन : अक्षरे

इथे वेग निम्म्याहून कमी करा. ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी ठेवा म्हणजे खालची ओळ डोळ्याला ओढणार नाही. शेवटच्या परिच्छेदापासून पहिल्याकडे गेलात तर कथासूत्र तुटते आणि शब्द सुटे दिसू लागतात. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी उठा. त्यानंतरचे वाचन हे वाचन राहत नाही.

चुका कुठे दडतात हे ठाऊक असेल तर त्या लवकर सापडतात. सगळ्यात मोठी खाण ऱ्हस्व-दीर्घाची. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो: कवी, गती, वस्तू, गुरू. ‘आणि’, ‘परंतु’, ‘तथापि’ ही अव्यये याला अपवाद. पण असा तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द सामासिक शब्दात पहिला आला आणि मुळात ऱ्हस्व असला तर तो ऱ्हस्वच राहतो. म्हणून कवी, कवीने, पण कविमन. वस्तू, वस्तूला, पण वस्तुस्थिती. ‘मंत्रिमंडळ’, ‘प्राणिसंग्रहालय’, ‘भूमिपूजन’ यांत पहिली वेलांटी, तर ‘नदीकाठ’, ‘लक्ष्मीपूजन’ यांत दुसरी, कारण नदी आणि लक्ष्मी मुळातच दीर्घ आहेत. चूक नेमकी जोडावर होते. प्रत्येक सामासिक शब्दाचा पहिला भाग कुठे संपतो तिथे नजर ठेवा.

दुसरी जागा म्हणजे शेवटून दुसरे अक्षर. ‘फूल’, ‘वीट’, ‘गरीब’, ‘विहीर’ यांत ते दीर्घ आहे, पण प्रत्यय लागताना ते ऱ्हस्व होते: फुलाला, विटेवर, गरिबांना, विहिरीत. तत्सम शब्दांत तसे होत नाही: शरीर–शरीरात, गीत–गीतात, सूत्र–सूत्राने. मजकुरात ‘फूलाला’ किंवा ‘गरीबांना’ सापडले की समजावे, लिहिणाऱ्याने मूळ शब्दाला प्रत्यय नुसता चिकटवला आहे, आणि तोच हात पुढे आणखी दहा ठिकाणी फिरलेला असणार.

अनुस्वाराचे टिंब लहान असले तरी वचन त्याच्यावर टांगलेले असते. ‘मुलाना’ ही उघड चूक आहे आणि ती दिसते. ‘लेखकाचे मत’ आणि ‘लेखकांचे मत’ ही दोन्ही रूपे मात्र शुद्ध आहेत. कोणते हवे ते संदर्भच सांगतो, आणि आदरार्थी बहुवचन एकदा घेतले की शेवटपर्यंत पाळावे लागते. ‘त्याच्या’ आणि ‘त्यांच्या’ यांची अदलाबदल शुद्धलेखन तपासणारे साधे सॉफ्टवेअर पकडत नाही.

‘जाऊन’ आणि ‘धावून’ यांचा घोळ सोडवायला धातू पाहावा. जा, ये, घे, हो यांत ‘व’ नाही, म्हणून जाऊन, येऊन, घेऊन, होऊन. धाव, ठेव, लाव, पाठव यांत ‘व’ आहे, म्हणून धावून, ठेवून, लावून, पाठवून. ‘राहणे’, ‘पाहणे’ ही रूपे घ्या; ‘रहाणे’, ‘पहाणे’ नकोत.

जोडाक्षरांत कारण समजून घेतले की पाठांतराची गरज उरत नाही. महत् + त्व म्हणून महत्त्व, तत् + त्व म्हणून तत्त्व. पण नेतृ + त्व म्हणून नेतृत्व, तिथे एकच ‘त’. तत् + ज्ञ म्हणून तज्ज्ञ, पश्चात् + ताप म्हणून पश्चात्ताप, उत् + ज्वल म्हणून उज्ज्वल. ‘स्रोत’, ‘सहस्र’, ‘हिंस्र’ यांत ‘त’ नाहीच; तो ‘स्त्री’च्या सवयीने शिरतो. ‘कोट्यवधी’ बरोबर, कारण कोटि + अवधि. ‘लक्षावधी’ बरोबर, कारण लक्ष + अवधि. ‘पारंपरिक’, ‘आशीर्वाद’, ‘अल्पसंख्याक’, ‘सूतोवाच’ हे शब्द दिसताक्षणी एकेक अक्षर मोजावे.

मोकळ्या जागेचीही चूक होते. शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून येते: ‘घरा समोर’ नव्हे, घरासमोर, ‘त्यांच्या कडे’ नव्हे, त्यांच्याकडे, ‘तो सुद्धा’ नव्हे, तोसुद्धा. उलट ‘घर मोठे पण अंधारे’ या वाक्यातली जागा गेली तर ‘मोठेपण’ तयार होते आणि वाक्य कोसळते. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह यांच्या आधी जागा नको, नंतर हवी.

मजकुरात न दिसणाऱ्या चुका

काही चुका डोळ्याला दिसतच नाहीत, कारण कागदावर दोन्ही रूपे सारखीच किंवा जवळजवळ सारखीच उमटतात. फरक असतो तो संगणकाने साठवलेल्या अक्षरांत, आणि तो शोधताना, अनुक्रम लावताना किंवा फॉन्ट बदलल्यावर बाहेर येतो.

‘दुःख’ या शब्दात विसर्गाऐवजी कोलन टाइप केलेले असते. फॉन्ट बदलला की टिंबे सरकतात, ओळीच्या शेवटी शब्द कोलनाशी तुटू शकतो आणि ‘दुःख’ शोधले तर ते ठिकाण सापडत नाही. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या आजच्या प्रमाण पद्धतीत) आणलेल्या मजकुरात ‘आ’ हे अक्षर ‘अ’ आणि सुटा काना असे दोन तुकड्यांत, तर ‘ओ’ हे ‘आ’ आणि सुटी मात्रा असे साठवलेले सापडते. त्याच मजकुरात ‘शुद्ध’, ‘प्रसिद्ध’, ‘पद्धत’ यांतले ‘द्ध’ उलटे होऊन ‘ध्द’ झालेले असते. ‘ॲ’सुद्धा एका अक्षराने किंवा ‘अ’वर चंद्र देऊन, असा दोन तऱ्हांनी येतो. ‘दऱ्या’मधला ‘ऱ्या’ही दोन प्रकारे साठवला जातो: एकात ‘ऱ’ हे वेगळे अक्षर असते, दुसऱ्यात साध्या ‘र’पुढे अदृश्य जोडचिन्ह असते. हे जोडचिन्ह कुठे गळले तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेली सूचना ‘आचार्यांना’ जाऊन पोहोचते. देवनागरी आणि इंग्रजी अंकांची सरमिसळही अशीच निसटते, विशेषतः तारखांत.

या सगळ्यांवर शोधा-आणि-बदला हा उपाय आहे. तुकड्यातले रूप मजकुरातूनच कॉपी करून शोधाच्या चौकटीत टाका आणि योग्य अक्षराने बदला. पण ‘सगळे बदला’ हे बटण दाबण्याआधी एक उदाहरण लक्षात घ्या. ‘तज्ञ’ सरसकट बदलून ‘तज्ज्ञ’ केले, तर ‘कृतज्ञ’ या शब्दाचेही ‘कृतज्ज्ञ’ होते, कारण त्याच्या पोटात ‘तज्ञ’ ही अक्षरे आहेत. ‘हि’चे ‘ही’ सरसकट केले तर ‘हिरवा’, ‘हिशेब’, ‘पहिला’ सगळे बिघडतात. एकेक ठिकाण पाहत ‘पुढचे’ दाबत जा. शंभर ठिकाणांना दहा मिनिटे लागतात.

शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअर चालवा, पण ते कुठे आंधळे आहे ते ओळखा. मराठीत प्रत्यय जोडून येत असल्याने ते शुद्ध शब्दांखालीही लाल रेघा मारते, आणि शब्दकोशात असलेल्या शब्दाला कधीच अडवत नाही. ‘दिन’च्या जागी ‘दीन’, ‘शिर’च्या जागी ‘शीर’, ‘सुत’च्या जागी ‘सूत’ त्याला चालते. अशा जोड्यांची यादी लेखनसूचीच्या मागे लिहून ठेवा आणि एकेक शब्द शोधून तपासा.

एक परिच्छेद जवळून

हा नमुना घ्या:

‘जलसंवर्धना विषयीच्या या अहवालात तज्ञांनी पाण्याच्या स्त्रोतांचा अभ्यास करण्यात आला असून परिसरातील पाच विहीरींपैकी तीन विहिरी कोरड्या पडल्या आहेत तर उरलेल्या तीन विहिरींचे पाणी पिण्या योग्य आहे असे त्यांचे म्हणणे असून याचे महत्व लक्षात घेऊन उपाययोजना करणे आवश्यक आहे.’

अक्षरांची दुरुस्ती सरळ आहे: जलसंवर्धनाविषयीच्या, तज्ज्ञांनी, स्रोतांचा, विहिरींपैकी, पिण्यायोग्य, महत्त्व. इथेच थांबणारा माणूस मजकूर शुद्ध करतो पण चुकीचाच ठेवतो. ‘तज्ज्ञांनी अभ्यास करण्यात आला’ यात दोन वाक्ये एकमेकांत अडकली आहेत: एक ‘तज्ज्ञांनी अभ्यास केला’, दुसरे ‘अभ्यास करण्यात आला’. पहिले ठेवा. शिवाय अभ्यास अहवालात होत नाही, अहवालासाठी होतो. मग बेरीज: पाचांतून तीन गेल्या तर उरतात दोन, तीन नव्हे. ‘याचे महत्त्व’ म्हणजे कशाचे, कोरड्या विहिरींचे की पिण्यायोग्य पाण्याचे? आणि उपाययोजना कोणती, कोणी करायची?

दुरुस्त रूप असे होईल: ‘जलसंवर्धनाविषयीच्या या अहवालासाठी तज्ज्ञांनी पाण्याच्या स्रोतांचा अभ्यास केला. परिसरातील पाच विहिरींपैकी तीन कोरड्या पडल्या असून उरलेल्या [तीन] विहिरींचे पाणी पिण्यायोग्य आहे, असे त्यांनी म्हटले आहे.’ शेवटचे उपाययोजनेचे शेपूट लेखकाने नेमका उपाय सांगितला तरच ठेवायचे.

कंसातल्या ‘तीन’चे ‘दोन’ मी का करू नये? कारण चूक त्या आकड्यात आहे की ‘पाच’मध्ये, हे मजकुरावरून कळत नाही. विहिरी सहाही असतील. संपादनातली ही सर्वांत महत्त्वाची सीमारेषा आहे. नियमाने ठरणारे तुम्ही दुरुस्त करा. वाक्य सुटे करणे, शब्द गाळणे हे करा, पण लेखकाला दिसेल असे करा. वस्तुस्थितीला स्पर्श करणारे काहीही विचारल्याशिवाय बदलू नका. काही ठिकाणी तर विचारायचेही नाही: कवितेतले वृत्तासाठी घेतलेले ऱ्हस्व-दीर्घ, पात्राच्या तोंडची बोली, जुन्या अवतरणातले लेखन. या सवलती नियमांनीच दिलेल्या आहेत.

शंका विचारण्याचीही रीत असते. समासात नुसते प्रश्नचिन्ह काढले तर लेखकाला काय खटकले ते कळत नाही आणि तो ‘ठीक आहे’ लिहून परत पाठवतो. जागा, अडचण आणि पर्याय तिन्ही द्या: ‘पान ३, परिच्छेद २: एकूण विहिरी पाच, कोरड्या तीन, मग उरलेल्या तीन कशा? एकूण सहा आहेत, की उरलेल्या दोन?’ सगळ्या शंका एकाच यादीत, क्रमांक घालून, एकाच वेळी पाठवा.

पाचवे वाचन : मांडलेली पाने

पानमांडणी झाली की मजकूर पुन्हा नवा समजा. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी बिघडते ती पहिल्याच पानावर ओळखता येते: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसण्याऐवजी नंतर पडते, जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली अक्षरे दिसतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो. इनडिझाइनमध्ये असे झाले तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कम्पोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी त्यातली सोय) लावलेला नाही हे पहिले कारण तपासावे. ‘वाङ्मय’, ‘उद्ध्वस्त’, ‘हृदय’, ‘कर्तृत्व’, ‘दऱ्या’ हे पाच शब्द त्या फॉन्टमध्ये आणि त्या आकारात छापून पाहिले तर बहुतेक गोष्टी कळतात.

कागदी प्रुफावर, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रतीवर, खूण दोन ठिकाणी करायची: ओळीत चुकीच्या जागी बारीक रेघ, आणि त्याच ओळीसमोर समासात दुरुस्ती. ओळीच्या डाव्या अर्ध्या भागाची दुरुस्ती डाव्या समासात, उजव्या अर्ध्याची उजव्या समासात. एका ओळीत अनेक असतील तर मध्ये तिरपी रेघ. चुकून केलेली खूण मागे घ्यायची असेल तर शब्दाखाली टिंबे द्या आणि समासात ‘ठेवा’ लिहा. देवनागरीत समासात नुसती वेलांटी किंवा उकार काढू नका. पूर्ण अक्षर लिहा, आणि जोडाक्षर असेल तर पूर्ण शब्द. सुट्या वेलांटीवरून ती पहिली की दुसरी हे दुरुस्ती करणाऱ्याला कळेलच असे नाही.

मूळ प्रतीशी ताडणे दोघांनी मिळून करणे सर्वांत खात्रीचे. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचतो, विरामचिन्हांसह: ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’, ‘अवतरण सुरू’, ‘नवा परिच्छेद’, परकी नावे अक्षर सोडवून. दुसरा प्रूफ पाहतो आणि अडला की थांबवतो. ओळ गळणे, परिच्छेद दोनदा येणे हे दोष अशा वाचनातच सापडतात, कारण एकट्याने वाचताना दोन्ही वेळा वाक्य व्यवस्थितच लागते.

मग मजकुराबाहेरचे सगळे, स्वतंत्र फेरीत: मथळे, उपमथळे, फोटोओळी, तक्त्यांची शीर्षके, तळटिपांचे क्रमांक, पानाच्या माथ्यावरची शीर्षके, अनुक्रमणिकेतील पानक्रमांक, मुखपृष्ठ, पुस्तकाचा कणा. मोठ्या अक्षरातली चूक सर्वांत जास्त निसटते, कारण मथळा कोणी ‘वाचत’ नाही, सगळे फक्त पाहतात. त्याचे अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचा. आकडा आणि त्याचे एकक दोन ओळींत तुटले असेल तर मध्ये न तुटणारी जागा घाला. वर्डमध्ये ती कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबून मिळते. पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे त्याचा ओळख-क्रमांक, गणिताने तपासता येतो. १३ अंकांपैकी विषम स्थानांवरचे सात अंक जसेच्या तसे घ्या, सम स्थानांवरच्या सहा अंकांची तिप्पट करा. सगळ्यांच्या बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. नाही गेला तर एखादा अंक चुकला आहे.

दुसरे प्रूफ आले की पहिल्या प्रुफातली प्रत्येक खूण त्यावर ताडा आणि दुरुस्ती झालेली दिसली की ती खूण खोडा. दुरुस्त झालेला शब्द पाहून पुढे जाऊ नका. वरची एक ओळ आणि परिच्छेदाचा शेवट यांच्यामधले सगळे वाचा, कारण एक शब्द वाढला तर ओळी सरकतात, पानाची शेवटची ओळ पुढच्या पानावर जाते आणि अनुक्रमणिकेतला क्रमांक खोटा ठरतो. संगणकावरील प्रतीत सगळे बदल स्वीकारल्यानंतर स्वच्छ प्रत पुन्हा वाचावीच लागते. खोडलेल्या वाक्याचा उरलेला शब्द, दोनदा आलेले ‘तर तर’, दुहेरी मोकळी जागा हे सारे दुरुस्तीनेच निर्माण केलेले असते.

मजकूर पडद्यावर प्रसिद्ध होणार असेल तर तो फोनवर उघडून पाहा. तिथे फॉन्ट वेगळा असतो, मथळा भलत्या ठिकाणी तुटतो आणि तक्त्याचा उजवा रकाना दिसेनासा होतो. प्रत्येक दुवा दाबून बघा. छापील कामात शेवटच्या प्रुफाच्या प्रत्येक पानावर ‘छापण्यास हरकत नाही’ असे लिहून सही आणि तारीख घाला, आणि ती प्रत जपून ठेवा. नंतर सापडलेली प्रत्येक चूक पान व ओळीसह त्याच प्रतीवर नोंदवत गेलात तर पुढच्या आवृत्तीचे पहिले प्रूफ अर्धे तयार असते.